अंगठ्याचं कुलूप

एका माणसाला मी चर्चमध्ये कोंडलं होतं, तेही मे महिन्यात, भर दुपारी. मुद्दाम नाही कोंडलं. पण कुलूप माझं, अंगठा माझा आणि अक्कलही माझीच, त्यामुळे हे दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येत नाही.

मी विलास उजागरे. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं सिक्युरिटी ऑफिसर होतो. मालकाच्या मेव्हण्याला गेटपास नाही म्हणून मी एकदा पाऊण तास उन्हात उभं केलं होतं, आणि ही गोष्ट मी आजही जेवायला आलेल्या पाहुण्यांना सांगतो. माझी बायको स्मिता तेवढ्यात भाजी वाढायच्या निमित्ताने आत निघून जाते. रिटायर झाल्यावर आमच्या घणसोलीच्या चर्चच्या कमिटीत मला घेतलं ते याच ख्यातीमुळे.

दोन टॉवरांच्या मधल्या प्लॉटवर आमचं बैठं चर्च आहे. मंडळी बहुतेक नगर-जालन्याकडची, त्यामुळे गावाकडची रीत इथेही चालू आहे. चपला बाहेर काढूनच आत जायचं. दाराशी चपलांची लाकडी मांडणी आणि मांडणीशेजारी स्टुलावर रंगूबाई. त्या महापालिकेच्या दवाखान्यात आया होत्या. गेली अठरा वर्षं दर रविवारी दार त्या सांभाळतात. चेहऱ्यापेक्षा चपलांवरून त्या माणसं जास्त ओळखतात. कुणी नव्या घेतल्या, कुणाचा अंगठा तुटलाय, कुठल्या नवरा-बायकोच्या चपला आज मांडणीच्या दोन टोकांना आहेत, सगळं त्यांना पाठ. पूर्वी कोण आलं, कोण गेलं, याचा आमच्याकडे एवढाच हिशेब होता.

मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी चार अनोळखी माणसं उपासना चालू असताना आत आली. मोबाईलवर शूटिंग करू लागली, इथे काय चालतं म्हणून आरडाओरडा झाला. पोलीस आले, दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. म्हटलं तर काहीच झालं नाही. पण ढकलाढकलीत स्मिता दारातच पडली आणि तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. तेव्हापासून उपासनेत कुणी बाहेरून दार वाजवलं की अख्खी मंडळी गाणं विसरायची, आणि स्मिता माझा हात धरायची. तिची ती पकड मला सहन व्हायची नाही. ज्या माणसाने सव्वीस वर्षं कारखाना राखला, त्याला आपली बायको राखता आली नाही, असं मला वाटायचं.

म्हणून मी कामाला लागलो. एजन्सीचा एक गार्ड ठेवला, अंकुश नावाचा. त्याच्याकडे रजिस्टर. नाव, फोन, पत्ता, मंडळीतलं कोण ओळखतं, आत जाताना सही, बाहेर पडताना सही. गेटवर लाल अक्षरांत बोर्ड लावला की अनोळखी व्यक्ती विनापरवाना आत आढळल्यास पोलिसांच्या ताब्यात देण्यात येईल. खिडक्या बंद ठेवायला लावल्या. आणि दाराला अंगठ्याचं कुलूप बसवलं. ते बाहेरूनही अंगठ्याने उघडायचं आणि आतूनही. आत कुणी लपून बसला तर त्याला दुसऱ्या कुणासाठी दार उघडता येऊ नये, हा माझा दूरचा विचार. अंगठे दोनच, माझा आणि आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, प्रसाद साळवे यांचा.

रंगूबाईंच्या किल्ल्या मी काढून घेतल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत याचाच मला राग आला.

पुढच्या सात आठवड्यांत एकही अनोळखी माणूस चर्चमध्ये आला नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी हे छाती फुगवून सांगितलं. पाळकसाहेब हळूच म्हणाले की पूर्वी दर रविवारी चार-पाच नवीन चेहरे मागच्या बाकावर असायचे, त्यांचं जरा चुकल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, आधी सुरक्षितता, मग चेहरे. त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि मी ते माझ्या बाजूचं मत समजलो.

तो मेमधला रविवार लग्नाचा होता. आमच्या गायनमंडळातल्या गीतांजलीचं लग्न वाशीच्या एका हॉलमध्ये साडेबाराला, आणि लग्न लावणार पाळकसाहेबच. त्यामुळे उपासना अर्धा तास आधी आटोपली आणि दोन बसगाड्या भरून मंडळी निघाली. एरवी महिला मंडळाच्या बाया मागे राहून कपबशा धुतात, हॉल झाडतात, मग मी कुलूप लावतो. त्या दिवशी त्याही नटूनथटून बसमध्ये. अंकुशने रजिस्टर दाखवलं. एकशे एकोणतीस आत, एकशे एकोणतीस बाहेर. मी दारातूनच आत डोकावून, कुणी आहे का, म्हणून एकदा ओरडलो. आवाज आला नाही. रजिस्टर जुळलं होतं, मग खोल्या कशाला बघायच्या? दिवे-पंखे बंद केले, अंगठा लावला आणि स्मिताला ॲक्टिव्हावर मागे बसवून वाशी गाठली.

दीडच्या सुमारास माझ्या हातात बिर्याणीची प्लेट असताना फोन वाजला. रंगूबाई होत्या. त्या लग्नाला आल्या नव्हत्या. घरी जेवून आल्यावर पायऱ्या झाडून, पाणी मारून गेट ओढून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं.

"विलासभाऊ, मांडनीवर एक जोड हाय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, असेल. घाईत कुणीतरी दुसऱ्याच्या घालून गेलं असेल. त्या म्हणाल्या की मग मंडळीतल्याच कुणाचा तरी जोड राहिला असता, हा राहिला नसता. मी म्हटलं, रजिस्टर जुळलंय.

"तुमचं रजिस्टर खरं आसंल. पर मानूस अनवानी घरी जात न्हाई एवढ्या उन्हात. चपला हितं हाईत म्हंजी पाय आत हाईत."

कुणाचे पाय, असं मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं. बाजीराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ, शेजारच्या टॉवरमध्ये मुलाकडे राहतात. आधी उघडपणे येऊन मागच्या बाकावर बसायचे. रजिस्टर आल्यापासून ते सकाळी साडेसातला येतात, पाळकसाहेब झाडलोटीसाठी दार उघडून जातात तेव्हा. मागच्या बाकावर खांबाआडच्या कोपऱ्यात बसतात, पुढून दिसत नाहीत. उपासना संपली की सतरंज्यांच्या खोलीत थांबतात, अंकुश रजिस्टर घेऊन गेला की महिला मंडळाच्या बायांबरोबर बाहेर पडतात. सातही रविवार हे असंच चाललं होतं आणि रंगूबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना आजही मान खाली जाते. एक माणूस आत कोंडला गेलाय हे कळल्यावर मी पहिली दोन मिनिटं रंगूबाईंना झापण्यात घालवली. माझ्या नाकाखाली, सात आठवडे, विनानोंद माणूस! कमिटीला मी काय तोंड दाखवू? तुम्हाला विश्वासाने दाराशी बसवलं आणि तुम्ही? असं बरंच काही. रंगूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बोलून झालं का भाऊ? मी मघाधरनं दार बडवतेय. आतून वाजत न्हाई कायबी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंखे बंद. खिडक्या बंद, त्यांना लोखंडी गज. वर पत्रा. पिण्याच्या पाण्याचा कूलर बाहेरच्या व्हरांड्यात. आणि ते दार उघडू शकणारे जगातले दोन्ही अंगठे वाशीला जेवत होते. स्मिताने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, काय झालं ते विचारलंही नाही, हातातली प्लेट काढून घेतली आणि म्हणाली, "आधी निघा."

वाशीहून घणसोली, रविवारची दुपार, रस्ता मोकळा. तरी कोपरखैरणेच्या प्रत्येक सिग्नलने मला पकडलं. मी आयुष्यात सिग्नल तोडला नव्हता, त्या दिवशी दोन तोडले. वाटेत मी प्रार्थना करत होतो असं म्हणायला मला आवडेल, पण मी खरं तर हिशेब करत होतो. साडेअकरा ते दोन, अडीच तास. म्हातारा माणूस, अडीच तास. कंपनीत एकदा टँक धुताना एक कामगार घुसमटून गेला होता आणि त्याच्या घरी निरोप घेऊन मी गेलो होतो. त्याच्या आईने दार उघडलं तो क्षण सारखा समोर येत होता.

रंगूबाई पायरीवर उभ्या होत्या. मी धावत जाऊन अंगठा लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. पुन्हा लाल. बिर्याणीचा हात मी धड धुतलाही नव्हता, वर घाम. तिसऱ्यांदा लाल झाला तेव्हा मी त्या कुलपाला एक कचकचीत शिवी दिली, चर्चच्या दारात. रंगूबाईंनी माझा हात ओढून घेतला, लहान मुलाचं नाक पुसावं तसा पदराने अंगठा खसाखसा पुसला आणि परत कुलपावर दाबला. हिरवा दिवा लागला.

आत भट्टी होती. हॉल रिकामा. आम्ही थेट सतरंज्यांच्या खोलीकडे गेलो. बाजीराव भिंतीला टेकून बसले होते. पांढरा सदरा घामाने अंगाला चिकटलेला, ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. मी जागच्या जागी थिजलो. रंगूबाईंनी खाली बसून त्यांची नाडी धरली, गालावर चापट मारली. म्हाताऱ्याने डोळे उघडले. त्यांनी रंगूबाईंकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

"साहेब, मी काही घेतलं नाही हो इथलं," ते म्हणाले.

रंगूबाईंनी तोवर भिंतीतलं कपाट उघडून प्रभुभोजनाच्या विधीसाठी आणलेली द्राक्षरसाची बाटली काढली. आणि बघा, सव्वीस वर्षांची सवय कशी असते, माझ्या तोंडून निघून गेलं, "रंगूबाई, ती प्रभुभोजनाची आहे."

"प्रभूला म्हायती हाय," त्या म्हणाल्या आणि बाटली म्हाताऱ्याच्या तोंडाला लावली.

मी पंखे लावले, खिडक्या उघडल्या, बाहेरून पाणी आणलं. रंगूबाईंनी ओला पदर त्यांच्या मानेवर ठेवला. पंधरा-वीस मिनिटांत ते हुशारले. समोरच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. ऊन आणि पाणी न मिळाल्याने झालंय, साखर थोडी खाली होती, आता ठीक आहे, रात्रीपर्यंत पाणी पाजत राहा. त्या गेल्यावर मी बाकावर बसलो आणि मला रडू आलं. लाज वगैरे वाटली नाही. माणूस जिवंत आहे, यापलीकडे मला त्या वेळी काही नको होतं.

थोड्या वेळाने मी त्यांना विचारलं की मी दारातून हाक मारली ती ऐकू आली नव्हती का.

"आली ना," बाजीराव म्हणाले. "पण बाहेर बोर्ड आहे तुमचा. विनापरवाना सापडला तर पोलीस. मी म्हटलं, हे साहेब गेले की बघू. मग दार उघडेचना. खिडकी उघडली, पंखा लावला, तर बाहेर कळेल म्हणून तेही केलं नाही. नंतर कुणीतरी दार बडवायला लागलं. वाटलं, पोलीसच आले. मग मी आणखीच गप्प बसलो."

रंगूबाईंचा आवाज नाही का ओळखला, असं मी विचारलं. ते म्हणाले की त्या कधी बोलल्याच नव्हत्या त्यांच्याशी. सात आठवड्यांत एकदाही नाही. फक्त त्यांच्या चपला उचलून मांडणीत नीट ठेवायच्या. आणि द्राक्षरसाची ती बाटली? कपाटाला काच होती, बाटली समोर दिसत होती. ते म्हणाले, ती तुमच्या देवाची, मी कसा हात लावणार.

मी तळोज्यात दर सोमवारी नव्या कामगारांना ट्रेनिंग द्यायचो. माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, की बाहेर पडायचं दार आतून कधीही कुलूपबंद नसतं, मग आत सोनं असो की ॲसिड. हजारभर माणसांना मी हे शिकवलं असेल. आणि माझ्याच चर्चला मी असं दार बसवलं की आतला माणूस तहानेने मेला असता, आणि बाहेर मदतीला आलेल्या माणसाला घाबरून मेला असता. ही चूक माझ्या हाताखालच्या कुणी केली असती तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

बाजीरावांना मी स्कूटरवर बसवून त्यांच्या टॉवरपर्यंत सोडलं. वाटेत त्यांनी आपण होऊनच सांगितलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. ते बीडकडचे. मुलगा-सून चांगले आहेत, पण दिवसभर घरात टीव्ही आणि फोन. आमच्याकडची पेटी-तबल्यावरची भजनं त्यांना त्यांच्या गावच्या रात्रीच्या भजनांसारखी वाटतात. देव तुमचा वेगळा आहे, पण पेटी तीच आहे, असं म्हणाले. पुढे म्हणाले की त्यांना कुणी उठून उभं करून ओळख करून द्यायला लावू नये, चहाला आग्रह करू नये, एवढंच. मी म्हटलं, नाही करणार. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. येत जा, असं मला म्हणायचं होतं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

बुधवारी कमिटी बसली. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, दोन मिनिटांच्या झापण्यासकट. मला वाटलं होतं की रंगूबाई काहीतरी ऐकवतील. त्यांनी फक्त किल्ल्या परत मागितल्या. अंगठ्याचं कुलूप काढून टाकायचं ठरलं, तसे दोघे-तिघे घाबरले. फेब्रुवारीसारखं पुन्हा झालं तर? हा प्रश्न खोटा नव्हता. मलाही तोच पडला होता. तेव्हा स्मिता बोलली. ती कमिटीत नाही, त्या दिवशी चहा घेऊन आली होती.

"मी दारातच पडले होते," ती म्हणाली. "यांचं कुलूप तेव्हा असतं, तर मला उचलून बाहेर कोणी नेलं असतं? मला कुलपाचीसुद्धा भीती वाटायची. यांना सांगितलं नाही, कारण हे माझ्यासाठीच करत होते."

हे मला पहिल्यांदाच कळत होतं. तीन महिने ती माझा हात धरत होती आणि मला वाटत होतं की ती बाहेरच्यांना घाबरते.

मग आम्ही शहाण्यासारखं जे करायचं ते केलं. गार्ड तसाच ठेवला, कारण गेटवर माणूस हवाच. रजिस्टर एरवी येणाऱ्या दुरुस्तीवाल्यांसाठी, उपासनेला येणाऱ्यांसाठी नाही. बोर्ड उतरवला. पोलीस चौकीचा आणि पाळकसाहेबांचा नंबर मोठ्या अक्षरांत आत लावला. दाराला काच बसवली आणि आतून दांडा ढकलला की उघडेल, बाहेरून मात्र रंगूबाईंच्या किल्लीनेच, असं साधं कुलूप लावलं. निघताना सगळ्या खोल्या बघायच्या, हे काम मी माझ्याकडे घेतलं.

पुढच्या रविवारी बाजीराव आले नाहीत. मी सकाळपासून मांडणीकडे चारदा जाऊन आलो. रंगूबाई माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. उपासनेत काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं. घरी जाऊन त्यांना बोलवावं का, असं मी स्मिताला विचारलं. ती म्हणाली, बोलावलं की त्यांना यावंच लागेल, थांबा.

त्याच्या पुढच्या रविवारी नऊला पाच कमी असताना ते गेटमधून, सगळ्यांच्या बरोबर, सरळ आत आले. अंकुशने नमस्कार केला. त्यांनी चपला काढल्या, रंगूबाईंनी उचलून ठेवल्या. ते मागच्या बाकावर दाराजवळ बसले. मी कुणालाही त्यांच्याजवळ फिरकू दिलं नाही. आमच्या स्वागत समितीच्या एका बाई हातात गुलाब घेऊन निघाल्या होत्या, त्यांना मी मधेच अडवून पेटीवाल्याकडे पाठवलं.

दुसरं भजन चालू असताना दार वाजलं. जोरात, तीनदा. पेटी थांबली नाही, पण मंडळीचा आवाज निम्म्यावर आला. स्मिताचा हात माझ्या हातावर आला. मी उठू लागलो. रंगूबाई पुढे पाणी ठेवायला गेल्या होत्या, दार बरंच लांब होतं.

माझ्याआधी बाजीराव उठले. दाराशी जाऊन त्यांनी काचेला डोळा लावला, बराच वेळ, अगदी सावकाश, बाहेर कोण आहे ते नीट बघितलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी दांडा ढकलला आणि दार उघडून बाजूला झाले. गायकवाडांचं कुटुंब होतं, पाचही जण, नेहमीप्रमाणे अर्धा तास उशिरा. बाजीरावांनी त्यांना बोटाने रिकामं बाक दाखवलं, दार ओढून घेतलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

स्मिताने माझा हात सोडला आणि गाण्याचं पान शोधायला लागली. मीही खाली बसलो.